टाचेवरची लाली

सोमवारी दुपारी दोनला ड्युटी बदलताना मी शीलाला सांगितलं, "सगळं ठीक आहे." ते खोटं होतं. देवरामआप्पांच्या डाव्या टाचेवर लाली मी सकाळीच पाहिली होती.

सुरतमध्ये आमच्या चर्चचं अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एक घर आहे. मी तिथे आया. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. एकाच जागी दाब राहिला की कातडी सडते. त्याला बेडसोर म्हणतात. आधी लाली येते. बोटाने दाबल्यावर ती पांढरी झाली नाही, तर पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची आणि पुढच्या ड्युटीला सांगायचं. मी टाच उचलली नाही. वर मोजा चढवला. थंडीचे दिवस होते. ठीक म्हटल्यावर मोजा कोण काढतं?

कारण सांगते. आदल्याच रविवारी शीलाला वॉर्डची हेड केलं. ती येऊन दीड वर्ष झालं होतं, मला चोवीस. ती इंग्रजी रिपोर्ट वाचते, मी चौथी शिकलेली. सेवा सेवा म्हणत होते, पण ती जागा माझीच, असं मी देवालाही बजावलं होतं. म्हटलं, हेड आहे ना, बघेल स्वतः.

मंगळवारी माझी सुट्टी. बुधवारी कातडी फुटलेली. आप्पांना डायबिटीस. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलं तर पाय कापावा लागेल.

मेट्रन शीलावर कडाडल्या, "हेड कोण? तू ना? डोळे कुठे होते?"

"चुकलं मॅडम."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आप्पा कापडाच्या लूमवर काम करायचे. पडून कमरेखाली जाणीव गेलेली. त्यांनी आपल्या अहिराणीत मला विचारलं, "काय व्हयनं माय? माले ते काहीच समजस नही."

त्यांना समजणारच नव्हतं. त्यांच्या वतीने बघायला मी होते.

"लाली मी सोमवारीच पाहिली होती," मी मेट्रनना म्हटलं.

"मग सांगितलं का नाही?"

"हिला हेड केलं म्हणून."

"घरी जा. परत येऊ नकोस."

शीला मध्ये पडली. "मॅडम, मावशींना ठेवा. त्यांच्यासारखी कूस मला बदलता येत नाही. आप्पांचा पाय वाचवायचाय."

मेट्रननी मला ठेवून घेतलं. तेव्हा मला शीलाचा आणखीच राग आला. चांगुलपणासुद्धा हिनेच घेतला! घरी जाऊन रडले. ही माफी मी कमावलेली नव्हती. चोवीस वर्षांच्या सेवेच्या जोरावर ती मागायला तोंडच नव्हतं. चर्चचे पाळक ज्याला कृपा म्हणतात ती हीच असावी. घेताना फार जड जाते.

जखम भरायला अडीच महिने लागले. पाय वाचला. हेड शीलाच आहे. तिचं नाव घेऊन कोणी कौतुक केलं की अजून पोटात दुखतं.

जळायचं तर जळावं. पण आधी आजाऱ्याची कूस बदलावी.