काढून ठेवलेला गार्ड

मित्रांनो, धानाच्या मळणी मशीनचे सतरा गार्ड मी स्वतःच्या हाताने बनवले. दोन मिलिमीटर पत्रा, चार बोल्ट, बोट जाणार नाही इतकी बारीक जाळी. कोणी शिकवलं नाही. फिरत्या पट्ट्यापासून हात वाचवणारं झाकण, हाच या इंग्रजी शब्दाचा मला ठाऊक असलेला अर्थ.

आज करडी गावात मजुरीला आलेल्या शेवंताबाईंचा पदर पट्ट्यात गेला, मागोमाग हात. दोन बोटं तुटली. मी पोचलो तेव्हा गार्ड बांधावर होता आणि त्यावर मजुरांचे डबे मांडलेले.

मशीनमालकाला विचारलं, "भाऊ, काहून काढला?"

"मिस्त्री, पट्टा घडीघडी निंगते. दर खेपेले चार बोल्ट कोन खोलत बसन? सारेच काढून ठेवतेत."

खरंच सांगत होता. उरलेले सोळाही असेच कुठेतरी पडले असतील.

बाईंना भरपाई हवी, तर गार्ड मालकाने काढला हे कोणीतरी सांगायला हवं. मजूर खाली बघत होते. उद्याही त्यांना त्याच्याकडेच काम करायचं आहे. माझ्या एकट्याच्या सांगण्याने काय होणार? तुमच्या गावच्या मशीनवर तरी गार्ड आहे का?

निघताना मालक म्हणाला, "गार्ड ढिला होता, आपोआप पडला, एवढंच सांगा. दहा हजार देतो."

मी नाही म्हटलं.