मागच्या खिडकीची सुई

"पाटी लांब ठेव. वास आत येतो."

डॉक्टर आईला म्हणाला. त्याला 'म्हणाले' म्हणायची माझी इच्छा नाही. तो खिडकीच्या आत होता, नाकाला पांढरा रुमाल लावून. आम्ही दोघी बाहेर, दवाखान्याच्या मागच्या बोळात, गटाराच्या कडेला. मी दहा वर्षांची असेन. दोघींना ताप होता. आईने मासळीची पाटी भिंतीकडे सरकवली, चोळीची बाही वर केली आणि दंड खिडकीच्या गजांतून आत घातला. डॉक्टरने सुई मारली. बाहेर काढली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, त्याच नळीत पुन्हा औषध भरलं आणि म्हणाला, "आता पोरीचा हात."

मी हात आत घातला.

पुढच्या बाजूला दवाखान्याला दरवाजा होता. बाकडी होती, पंखा होता, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर होतं. तिथे सोसायट्यांतली माणसं बसायची. आम्ही कोळणी, गटार उपसणारे, बिल्डिंगच्या कामावरचे बिगारी, आम्हाला खिडकी. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. चुकून कुणी पुढे गेलंच तर कंपाउंडर तोंडाने काही बोलायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा बोळाकडे.

त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी रडत होते. आमचं घर डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला टेकलेल्या कोळीवाड्यात. वाटेत आईला विचारलं, आपल्या अंगाला खरंच वास येतो का. आई म्हणाली, "येतंय तं येव दे गो बाय. त्याच वासावर चूल पेटतंय आपली."

मला कितीतरी वर्षं त्या रुमालाचा राग होता. राग सुईचा यायला हवा होता. पण सुईचा राग यायला जे ठाऊक असावं लागतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो नाक दाबून उभा होता.

आमच्यात एक खूळ होतं. माझीच माणसं आहेत म्हणून खूळ म्हणते, दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालणार नाही. नारळी पौर्णिमेला पाण्याला नारळ दिला की होड्या बाहेर निघायच्या. त्याच्या दोन दिवस आधी सगळा कोळीवाडा 'लाल सुई' घ्यायला जायचा. ताकदीचं इंजेक्शन. ते घेतलं की हंगामभर हात दुखत नाहीत, जाळं ओढताना कंबर धरत नाही, असं सगळ्यांना वाटायचं. गोळी दिली की डॉक्टरने फसवलं. सुई दुखली की औषध चढलं. बायका नवं लुगडं नेसून यायच्या. बोळात रांग लागायची, थट्टा चालायची. कोण सुईला घाबरतो, कोण डोळे मिटतो, यावरून आठवडाभर हसणं पुरायचं. एकेक दंड गजांतून आत जायचा आणि चोळत चोळत बाहेर यायचा.

मी दहावी पास झाले. ऐंशीचं दशक संपत आलेलं. बापूस आधीच वारलेला, आईचे गुडघे सुजायला लागलेले, दोन भाऊ लहान. डॉक्टरला मागच्या खिडकीसाठी पोरगी हवी होती. "तुमच्यातलीच बरी. या लोकांशी बोलायला मला वेळ नाही," तो म्हणाला. मला वाटलं, आपण आत आलो. खिडकीच्या आतल्या बाजूला उभी राहणारी आमच्या कोळीवाड्यातली मी पहिली. आईने पेढे वाटले.

काम सोपं होतं. काचेच्या नळ्या आणि सुया धुवायच्या, उकळायच्या, ट्रेमध्ये लावायच्या, डॉक्टरच्या हाताशी ट्रे धरायचा. ट्रे दोन होते. एक पांढरा, पुढच्या पेशंटचा. दुसरा निळ्या काठाचा, खिडकीचा. पांढऱ्यातली सुई एकदा वापरली की परत पाण्यात, वीस मिनिटं उकळायची, घड्याळ लावून. निळ्यातल्या सुया सकाळी एकदा उकळायच्या. मग दिवसभर नुसता बोळा.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "डॉक्टर, निळ्यातल्या पण उकळू का? वेळ आहे मला."

तो हसला. "तुमच्या लोकांना काही होत नाही. घाणीत वाढलेली कातडी तुमची. खरं तर देवाने दिलेली देणगी आहे ती."

आणि मला ते कौतुक वाटलं. हे लिहिताना आज हात जड होतो, पण खोटं लिहिणार नाही. घरी जाऊन आईला सांगितलं, डॉक्टर म्हणाला आपली माणसं कणखर. आईसुद्धा खूष झाली. शेजारणींना सांगून आली.

त्या वर्षीच्या लाल सुईच्या रांगेत ट्रे मी धरला होता. रांगेत पहिला आमचा शेजारी धाकलूकाका. त्याचे डोळे जरा पिवळट होते. मी पाहिले. उन्हात फिरतो म्हणून असतील, असं मनात म्हणाले आणि ट्रे पुढे केला. दुसरी आमच्याच आळीतल्या तुळशीमावशीची मोठी सून. तिसरी आई. डॉक्टर एक बोळा चार-पाच जणांना वापरत होता. आईने दंड आत घातला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. तिची पोर ट्रे धरून उभी होती ना.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर कोळीवाड्यात एकेकाला जेवण नकोसं व्हायला लागलं. आधी तुळशीमावशीची सून. सुकटीच्या वासाने तिला ओकारी यायला लागली तेव्हा बायका हसल्या, दिवस गेले म्हणाल्या. मग तिचे डोळे पिवळे झाले. मग मागच्या आळीतले दोघे. मग आई. सकाळी दारात भांडी घासत होती, उजेड तोंडावर पडलेला. मी चहा द्यायला गेले आणि कप हातातच राहिला.

कावीळ उतरवणारा आला. गळ्यात काड्यांची माळ बांधली. माळ लांब होत बेंबीपर्यंत आली की कावीळ गेली असं समजायचं. माळ लांब होत गेली. आई आणखी पिवळी होत गेली. मी डॉक्टरला सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"खाडीतच हगता, खाडीतच भांडी धुता. कावीळ होणार नाही तर काय होणार? आधी स्वच्छता शिका म्हणावं."

पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी साडीचा पदर नाकाला लावला आणि माझ्यापासून सरकून बसल्या. मी तशीच आत गेले आणि नळ्या धुवायला लागले. काय करणार होते?

सहाव्या दिवशी आई भलतंच बोलायला लागली. मला ओळखेना. चुलीत पाणी ओतायला निघाली. रिक्षात घालून तिला ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. रस्ताभर ती मेलेल्या बापसाशी बोलत होती, "थांब, पाटी भरतंय मी." धाकटा भाऊ रिक्षात माझ्या मांडीवर तोंड खुपसून बसलेला.

तिथे एक नर्सबाई होत्या, पन्नाशीच्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"गेल्या चार-सहा महिन्यांत सुई घेतली होती का?"

मी म्हणाले, "लाल सुई. नारळी पौर्णिमेला."

"एकटीने?"

"सगळ्यांनी."

"सुई एकच होती?"

त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. पहिल्यांदाच कुणीतरी समजावून सांगत होतं. एक कावीळ पाण्यातून, अन्नातून येते. दुसरी रक्तातून. ती रक्तातली काही माणसांत वर्षानुवर्षं राहते, माणूस हिंडतो-फिरतो, त्याला पत्ताही नसतो. त्याच्या दंडातून निघालेल्या सुईला जे रक्त लागतं ते डोळ्याला दिसतही नाही. बोळ्याने ते जात नाही. उकळावंच लागतं, चांगलं वीस मिनिटं.

"कोण गाढव सुई पुसून मारतो? आणि त्याच्या हाताखाली कोण असतं? त्याला दिसत नाही का?" बाई चिडून म्हणाल्या.

"माहीत नाही," मी म्हणाले.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी त्या व्हरांड्यात बोलले. आत आई मरत होती.

हॉस्पिटलात पाचव्या दिवशी ती गेली. त्याच्या आधी बाईंनी माझंही रक्त तपासायला घेतलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "तुझ्याही रक्तात आहे. त्रास नाही, पण आहे. कधीपासून ते सांगता यायचं नाही." त्यांना सांगता येत नव्हतं. मला मात्र बोळ दिसत होता, भिंतीकडे सरकवलेली पाटी दिसत होती, आणि आईच्या दंडातून निघून माझ्या दंडात येणारी सुई. ती तेव्हाची की नंतर रांगांत घेतलेली, कोण जाणे. खिडकी तीच होती.

मी काम सोडलं नाही. भाऊ शाळेत होते. पण त्याहून खरं म्हणजे मी घाबरले होते. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, ट्रे कुणी धरला? म्हणून मी चोरून निळ्या ट्रेच्या सुया उकळायला लागले. टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या सुयांना दगडावर घासून धार लावली, एक वापरात असताना दुसरी उकळून अदलाबदल करत राहिले. तुळशीमावशीची सून वाचली. मागच्या आळीतला एक जण गेला. मी त्याच्या दहाव्यालाही गेले आणि मान खाली घालून बसले.

मग पुन्हा नारळी पौर्णिमा आली.

रांग बोळाच्या टोकापर्यंत होती. डॉक्टरने एक नळी आणि दोन सुया ट्रेमध्ये टाकल्या. "आज उकळाउकळी नको. गर्दी आहे."

पहिला धाकलूकाकाच. त्याला सुई मारून झाली. डॉक्टरने ती बोळ्याने पुसली, नळी भरली. पुढे तुळशीमावशीचा हात गजांतून आत आला. त्या हातावर हिरवं गोंदण होतं, आईसारखंच. मी ट्रे मागे घेतला आणि डॉक्टरच्या हातातली नळी काढून घेतली.

"ही सुई उकळलेली नाही," मी म्हणाले.

"दे इकडे. मासेवालीची पोरगी मला डॉक्टरकी शिकवणार?"

बाहेरून मावशी ओरडली, "काय गो? तुजी आयस गेली, आता आमची सुई बंद करतेस कं?"

मी खिडकीशी गेले. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. "आयस याच सुईने गेली, मावशे. तुझी सून याच सुईने पडली. एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात. बोळ्याने पुसून. पुढच्या लोकांना उकळून देतात, आपल्याला पुसून. आणि गेल्या साली ट्रे मी धरलेला. मी."

रांगेतले पुढे सरकून गजांशी गोळा झाले. डॉक्टर म्हणाला, "खोटं बोलतेय. आईच्या मरणाने डोकं फिरलंय हिचं."

"खोटं असेल," मी म्हणाले, "तर ही सुई आधी तुमच्या दंडात मारा. धाकलूकाकाला मारलेली. पुसलेली आहे. घ्या." आणि सुईचं टोक त्याच्यासमोर धरलं.

त्याने हात मागे घेतला. दोन्ही हात. पाठीमागे. एक पाऊल मागे सरकून भिंतीला टेकला. एवढा शिकलेला माणूस, पण त्या क्षणी त्याचं शरीर खरं बोललं. खिडकीला लागून असलेल्यांनी पाहिलं, आणि मागच्यांना सांगत सांगत ते बोळाच्या टोकापर्यंत गेलं.

मावशीने हात गजांतून बाहेर काढला. सुई मी मोरीच्या कडेवर दाबून मोडली.

याच्यापुढे गोड काही नाही. काम गेलं. रांगेतले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे लाल सुई घ्यायला गेले. माझ्या रक्तात काय आहे ते कोळीवाड्यात कळलं आणि माझ्याच माणसांनी माझ्या हातचं पाणी बंद केलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. मागच्या आळीतल्या त्या मेलेल्या माणसाची बायको मला बघून आजही रस्ता बदलते. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. नर्सबाईंकडे जाऊन खरं सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "शीक." मी नर्सिंग शिकले. आज मी स्वतः सुई मारते. ती खिडकी सोडल्यापासून माझ्या हाताखालून न उकळलेली सुई एकाच्याही अंगात गेलेली नाही.

आता प्लास्टिकच्या नळ्या आल्यात, सुईसकट. एकदा वापरायच्या, मोडायच्या, फेकायच्या. मला वाटलं, संपलं. परवा कामासाठी दवाखान्याच्या बाजूला गेले होते, तर पाय आपसूक त्या बोळात वळले. खिडकी तशीच. गजही तेच. आणि आत, खिडकीच्या कठड्यावर, निळ्या काठाच्या ट्रेमध्ये, धुतलेल्या प्लास्टिकच्या नळ्या वाळत ठेवलेल्या. बाहेर एक बिगारी बाई तापलेल्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. पोराची बाही तिने आधीच वर करून ठेवली होती.

मी खिडकीशी गेले नाही. त्या बाईचा हात धरला आणि तिला घेऊन पुढच्या दरवाजाने आत गेले. बाकड्यांवरची माणसं बघत राहिली. डॉक्टर म्हातारा झालाय, पण मला ओळखलं त्याने. हात आपोआप मागे गेले.

मी तिथेच बाकावर बसले, पोराला मांडीवर घेतलं. म्हणाले, "नवीन सुई. पाकीट माझ्यासमोर फोडा. आणि ट्रेमधल्या माझ्यासमोर मोडा, एकूण एक."

नारळी पौर्णिमा पुढच्या महिन्यात आहे. दोन दिवस आधी मी त्या बोळात उभी असेन, रांगेच्या तोंडाशी. यंदा ट्रे नाही, सुया मोडायला पक्कड असेल माझ्या हातात.