सीमाचा चौपट नेम

सीमाचं नाव माझ्या रोजच्या वहीत पहिल्यांदा आलं ते ब्लाउजच्या निमित्ताने. "शेजारी नवी सून आली, हात सुबक," एवढंच लिहिलं होतं. पाटसची पोर, बारावी झालेली. सुईत दोरा ओवायला तिला दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागायचा नाही. राहू गावातल्या आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. नवरा महेंद्र रांजणगावच्या कंपनीत, कायमची सेकंड शिफ्ट. दुपारी बसने जातो, येतो तेव्हा घर झोपलेलं असतं. संध्याकाळची सीमा त्याने रविवारखेरीज पाहिलेलीच नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच लपलं.

दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत गेलं. यंदा आषाढी एकादशीला तिसरा पुरा झाला. त्या दिवशी आमच्याकडे बायका देवापुढे बसून चातुर्मासाचा नेम बोलतात. श्रावणात पालेभाजी सोडायची, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी. पुढचं धरलं की मागचं सुटतं. पोथी मी वाचते, म्हणून नेम सांगायचा मान माझा.

सीमा म्हणाली, "काकू, मी चारी गोष्टी चारी महिने सोडते. देवापाशी हात राखून कशाला?"

मला भरून आलं. मी म्हणाले, "घेतलास तर अर्धवट सोडू नकोस हं. देव बघत असतो."

हे वाक्य माझं. कुणी मला सांगायला लावलं नव्हतं.

अंडी-मासळी चातुर्मासात बंदच. पपई पोटुशीला नको. लाल भोपळा गरोदर बाईने चिरायचा नाही, म्हणून घरात आलाच नाही. उरलं काय? भाकरी, बटाटा, साबुदाणा आणि कोरा चहा. पण पोट वाढत होतं, पाचवा लागला, सहावा लागला, आणि आम्ही सगळ्या म्हणत होतो, नेम फळला.

नवरात्रापासून ती दिवेलागणीआधीच शिलाईचं मशीन झाकायला लागली. आरतीला बोलावलं तर "पाय दुखत्यात काकू". एकदा तांब्यात ओतायचं पाणी तांब्याशेजारी ओतलं. सासू सोजरबाई, तोंडाची फटकळ पण मनाची वाईट नव्हे, हसून म्हणाली, "आमची सीमा म्हंजी कोंबडी झालीया. दिस बुडला की खुराड्यात!"

सीमाही हसली. मीही हसले. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

वसुबारसेला सगळं उघडं पडलं. गोठ्यापुढे तिन्हीसांजेला आम्ही गाय-वासरू पुजत होतो. सीमाने कुंकवाचं बोट पुढे केलं, ते गाईच्या कपाळाला नाही, डोळ्यात गेलं. गाईने मान झटकली. सीमा ताटासकट खाली, पोटावरच पडायची, कशीबशी कुशीवर वळली.

"अगं, एवढं ढळढळीत दिसंना व्हय तुला?" सोजरबाई ओरडली.

जमिनीवर चाचपत सीमा म्हणाली, "न्हाई दिसत आत्या. महिना झाला. दिवस मावळला की सगळं काळं."

"आन् बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर नेम सोडायला लावला असता तुम्ही."

रिक्षाने तिला दौंडला दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके ठीक होते. मग डॉक्टरबाईंनी डोळे पाहिले. पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका होता. त्यांनी विचारलं, "रोज जेवता काय?" मीच चारी महिन्यांचं सांगितलं, मान वर न करता.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "शरीरात अ जीवनसत्त्व उरलेलं नाही. अंधारात दिसायला तेच लागतं. बुबुळ कोरडं पडायला लागलंय. तिथं जखम झाली तर दिवसाची नजरही जाईल, आणि ती परत येत नाही. पोटातलं बाळही हिच्याकडूनच घेतंय." लहान मात्रेच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "दुकानातून जोरदार डोस आणून देऊ नका. गरोदरपणी जास्तीचंही बाळाला बाधतं. आणि आजपासून पालेभाजी, दूध, अंडं."

"कार्तिकी एकादशीला पंधरा दिवस हायत," सीमा म्हणाली. "तवर गोळी घेते. खाणं न्हाई बदलायची."

"गोळी एकटी पुरणार नाही."

"पहिली दोन गेली, तवा नेम नव्हता. हे टिकलंय."

याला उत्तर फक्त मीच देऊ शकत होते, आणि मी गोळ्या पिशवीत भरत होते.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीच्या सिंधूबाईकडे गेले. पोरांना चमच्याने पाजतात ते अ जीवनसत्त्वाचं पिवळं औषध हातापाया पडून मागितलं. "ताई, ते पोरांचं हाय. पोटुशीला एका दमात एवढं दिलं तर इपरीत व्हईल," म्हणत तिने कपाट लावून घेतलं. डॉक्टरबाईंनी बजावून चोवीस तास झाले नव्हते आणि मी तेच करायला निघाले होते.

घरी येऊन शेवग्याचा पाला तेलावर परतला आणि ताट घेऊन सीमाकडे गेले. तिने ते बाजूला सारलं. संध्याकाळी पुन्हा नेलं, पुन्हा सारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडातही तिचा दोरा सुईत जाईना. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणाली. सोजरबाई चुलीशी तोंडात पदर कोंबून बसली होती.

मी पुन्हा ताट वाढून आणलं आणि देवघरातून पाण्याची पळी आणली. सीमाचा हात धरला, तिच्या तळहातावरून पाणी माझ्या तळहातावर सोडलं. "तुझा नेम मी घेतला. उरलेले दिवस मी पाळते. तू सुटलीस."

"आसं चालतं काकू?"

"चालतं." मला माहीत नव्हतं. कुठल्याच पोथीत मी हे वाचलेलं नाही.

"आन् काय झालं तर? पाप कुणाचं?"

"नेम सांगणारीचं."

तिने ताट पुढ्यात ओढलं. मग पहिला घास घेतला. एक हात पोटावर ठेवून, बाळ हलतंय का चाचपत, एकेक घास रडत गिळला. ताट संपायला तास लागला.

आज चार दिवस झाले. ती खाते. मी भाकरी आणि कोरा चहा घेते, देवापुढे बसते, पण काही मागायचं धाडस होत नाही. दिवस मावळला की तिच्या ओट्यावर जाऊन तिच्यापुढे बोटं धरते. "किती गं?"

कालपर्यंत ती नुसती मान हलवायची. आज तिने हात पुढे केला, अंधारात माझा हात शोधला, बोटं एकेक करून चाचपली.

"तीन," म्हणाली. "रडू नगा काकू. तीन हायत."