भाऊंनी निवडलेली कविता

परवाच्या रविवारी ठाकुर्लीला आमच्या वाचनकट्ट्यावर नलूताईंचा कवितासंग्रह होता. बँकेतून रिटायर झालेल्या नलूताई आमच्यातल्याच, आणि संग्रह त्यांचा पहिला. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येकाने आवडलेली एक कविता मोठ्याने वाचायची आणि दोन शब्द बोलायचे... दोन शब्दांवर आजवर कुणी थांबलेलं नाही, तो भाग वेगळा.

या वेळी अडचण होती ती नलूताईंच्या मिस्टरांची, भाऊंची. एरवी ते बाईंना सोडतात आणि खाली पार्किंगमध्ये पेपर वाचत बसतात. परवा वर आले, मागच्या खुर्चीत बसले. मांडीवर संग्रह.

त्या संग्रहात एक कविता आहे, जी आम्हा सगळ्यांनाच लागली होती. घरात नणंदेचा साखरपुडा आहे, बाई पुऱ्या तळतेय. सकाळीच तिचे वडील गेल्याचा फोन आलाय, तो नवऱ्याने घेतलाय. तिला सांगितलं जातं ते संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर.

आता तो नवराच मागे बसलेला. मग काय... सगळ्यांना एकदम झाडं आवडायला लागली. कुणी गुलमोहराची कविता वाचली, कुणी खिडकीची. माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात, पण मीही 'प्रतिमासृष्टी' वगैरे बोलून खाली बसलो. नलूताई प्रत्येकाला "थँक यू हं" म्हणत होत्या.

शेवटी संयोजक मॅडम उगाच उत्साहाने म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पण वाचा की एखादी! घरची पसंती कळू दे."

भाऊ उठले. चष्मा लावला. आणि तीच कविता काढली.

वाचन अगदी सपाट, लाइटचं बिल वाचावं तसं...

"बाबा गेले ते मला संध्याकाळी कळलं.
दिवसभर मी पुऱ्या तळत होते,
एकही तेलकट होऊ दिली नाही.
दुपारी तू आत आलास,
माझ्याकडे पाहिलंस..."

इथे भाऊ थांबले. पुस्तक मिटलं. "फोन मीच घेतला होता," म्हणाले. "सुतकाचं कळलं असतं तर साखरपुडा मोडला असता. बहिणीचं जमत नव्हतं हो कुठे... म्हटलं, पाहुणे जेवून जाऊ देत. ही माहेरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं."

संयोजक मॅडम चहाचं बघायला म्हणून उठल्या.

तेवढ्यात नलूताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, एक ओळ राहिली."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. पुस्तक पुन्हा उघडलं. पान सापडायला वेळ लागला...

"आणि म्हणालास, अजून दहा-बारा लागतील."

"आता झाली पूर्ण," नलूताई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही. भाऊ मात्र उभेच राहिले, बसायचं असतं हे विसरल्यासारखे.

नलूताईंनी त्यांना माफ केलंय का, मला माहीत नाही. ते मला कळायला हवं असंही नाही.

आम्ही सगळे त्या दिवशी नलूताईंना सांभाळून घेत होतो. त्यांना वाचणारा माणूस एकच निघाला... आणि त्याला ते सगळ्यात जड होतं.