खरवडलेलं शेत

पूर ओसरल्यावर मी काकूकडे गेले. काका गेल्यापासून तिने एकटीने कसलेलं शेत ओढ्याने खरवडून नेलं होतं. काळी माती गेली होती आणि खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता. काकूने तो उकरून पाहिला. एकही गांडूळ नव्हतं.

“पुन्हा होईल ना गं माती?”

दगड झिजतो, पाला कुजतो, तेव्हा कुठे शतकांनी बोटभर माती होते, असं मी शाळेत शिकवते.

“होईल, काकू.” केव्हा, ते मला सांगवेना.

“मग कामाला लागायलाच हवं,” म्हणत तिने गोठ्यातून शेणाची पाटी आणून मुरमावर ओतली आणि खाली बसून ते हाताने पसरू लागली. एवढ्या उजाड रानात ती ओली जागा चटईएवढीही नव्हती.