नेव्हीवाल्या आबांची दोन मिनिटं

मरणाला न घाबरणारी माणसं मी बरीच पाहिली, पण मरणानंतरच्या भाषणांशी उभं आयुष्य लढलेला माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात एकच: आमचे नेव्हीवाले आबा. वय एकोणनव्वद. त्यातली पंधरा वर्षं नौदलात गेली आणि पन्नासच्या वर गावात. पण ही गावातली वर्षं आपण जमिनीवर काढली, असं त्यांना स्वतःला मान्य नाही. आमचं गाव बोरी बुद्रुकच्या शेजारी. समुद्र बघायचा तर माळशेज घाट उतरून पुन्हा निम्मा दिवस जायला हवा. तरी आबांनी गावाला जहाज मानलं आणि गावाला न विचारता त्याचे कप्तान झाले. खरं तर नौदलात ते सिग्नलचं काम करायचे, म्हणजे झेंडे हलवून दुसऱ्यांचे निरोप पोचवायचे. गावी आल्यावर त्यांनी स्वतःचेच निरोप पोचवायला सुरुवात केली, आणि ते ऐकायला दुसरं जहाज नसल्यामुळे आम्हालाच ऐकावे लागले.

पहाटे चारला उठून घरापुढचा ओटा ब्रशने घासायचा, हा त्यांचा पहिला नेम. घासताना शेजारच्यांच्या ओट्याकडे असं बघायचे, की शेजारच्या सुनाही उठून केरसुणी शोधायच्या. घरात त्यांचं राज्य आहे असा त्यांचा समज होता. जिजी, म्हणजे त्यांची बायको, तो समज मोडत नसत, फक्त वापरू देत नसत. आबा दारातून हुकूम सोडायचे आणि आतून उत्तर यायचं, "जहाजावर बायका व्हत्या का? न्हवत्या ना? मंग मला कसला हुकूम सोडताय? पानी तापलंय, गप आंघूळ करा." कप्तान गप आंघोळीला जायचे.

एकदा ते सरपंच झाले. त्याआधी तीनदा पडले होते, त्यामुळे गावाला वाटलं, एकदाचं निवडून द्यावं म्हणजे थकतील. झालं उलटंच. ग्रामसभा नऊची तर नऊलाच सुरू. पहिल्या सभेला वेळेवर हजर होते दोघंच, आबा आणि ग्रामसेवक. गाव साडेदहाला निवांत चहा पिऊन आलं, तेव्हा आबा वहीत लिहीत होते: 'सभा वेळेवर सुरू झाली. गाव उशिरा आले.' ती वही अजून पंचायतीत आहे आणि गावाच्या इतिहासात याहून खरं वाक्य कुणी लिहिलेलं नाही.

नारायणगावला जाणाऱ्या जीपचंही तेच. जीपवाला चौदा माणसं कोंबायचा. आबांनी एकदा बोनेटपुढे उभं राहून शिरगणती केली. "दहाची गाडी हाय. बुडाली तर जबाबदार कोन?" जीपवाला म्हणाला, "आबा, रस्त्यावर कशी बुडंल ओ?" पण आबांनी चार जणांना उतरवलंच. गाडी भर्रकन निघून गेली आणि मग कळलं, उतरवलेल्यांत चौथे आबा स्वतः होते. दोन तास उन्हात उभे राहिले, पण चेहऱ्यावर असं समाधान, की बाकीच्या तिघांना शिव्याही धड देता येईनात. आणि त्यांच्या त्या गाठी! टोमॅटोचे क्रेट पिकअपला बांधायला आबा आले, की शेतकरी हात जोडायचे. ती गाठ नारायणगावच्या मार्केटात कुणालाच सुटायची नाही. शेवटी विळा मागवावा लागायचा, आणि आबांना कळलं की म्हणायचे, "गाठ बरोबर व्हती. सोडनारा कच्चा."

मी नववीतून शाळा सोडली. सोडली हा शब्द जरा मानाचा झाला. गणिताने मला सोडलं. माझ्याच घरात माझ्याशी कुणी बोलेना तेव्हा दोन वर्षं मी आबांच्या ओट्यावर पडून असायचो आणि जिजींच्या हातचं जेवायचो. आबांनीच त्यांच्या एका जुन्या जहाजसोबत्याला पत्र लिहून मला विशाखापट्टणमला बंदराजवळच्या कँटीनमध्ये चिकटवलं. आज मी तिथला आचारी आहे, हाताखाली चार माणसं आहेत आणि सांबार त्यांच्याहून बरं करतो. पण स्वभाव घाबरट तो घाबरटच. फोन वाजला की गावाकडचं कोण गेलं असेल ते आधी मनात मोजतो, मग उचलतो. रविवारी सकाळी मात्र घाबरत नाही, कारण तो फोन आबांचा असतो आणि त्यांना एवढंच हवं असतं, "वारं कुठनं हाय?" मी कढई उतरवून बाहेर जातो, बघून येतो आणि सांगतो. एकदा न बघताच सांगितलं, तर म्हणाले, "बाहेर जाऊन बघ. मी थांबतो."

आता भाषणांकडे वळतो. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला सगळा गोतावळा नदीच्या घाटावर जमतो आणि तिथे श्रद्धांजलीची भाषणं होतात. सोसायटीचे, पतसंस्थेचे, दूध संघाचे, झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी येतात. जितकी भाषणं जास्त, तितका मेलेला मोठा. मेलेला प्रत्येक जण मनमिळाऊ आणि कष्टाळू असतोच. एकदा तर जन्मात गावाबाहेर न गेलेल्या एका म्हातारीच्या जाण्याने तालुक्याचं खंबीर नेतृत्व हरपलं. पिंड मांडून ठेवलेला, कावळे झाडावर ताटकळलेले, लेकी उन्हात बसलेल्या, आणि माईकवरचा माणूस शेजारच्याला हळूच विचारतोय, "नाव काय म्हनला?"

आबांनी सरपंचकीत ठराव मांडला: घाटावर पुढाऱ्यांची भाषणं बंद. घरचं एकच माणूस बोलेल, आणि तेही दोन मिनिटं.

"आबा, मंग पुढारी येतील कशाला?" कुणीतरी विचारलं.

"म्हनूनच," आबा म्हणाले.

ठराव मंजूर झाला, कारण सभा वेळेवर होती आणि गाव उशिरा आलं. पण पाळला फक्त गरिबांनी. एका घराने तर दहावा उचलून पेठ गावाकडच्या पाहुण्यांच्या घाटावर नेला आणि तिथे मोजून अकरा भाषणं करवून घेतली. सोसायटीच्या एका संचालकाच्या वडिलांच्या दहाव्याला तिसरं मिनिट लागताच आबांनी उठून माईकची पिन उपटली. तेव्हापासून अर्धं गाव एकाच दिवसावर डोळा ठेवून होतं. "बघू, ह्यांच्या घरची येळ आली की काय करत्यात."

आणि घरातच गोची होती. जिजी एकदा माझ्यादेखत भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, "माझ्या येळंला बोलू द्या हां लोकान्ला. जित्तेपनी कुनी माझ्याबद्दल चांगलं बोललं न्हाई. मेल्यावर तरी जरा ऐकते." आबा हसले नाहीत. ताट पुढे ओढून जेवत राहिले.

दोन वर्षांपूर्वी फोन बुधवारी आला. जिजी गेल्या होत्या. रजा मिळायलाच आठवडा गेला, मग दीड दिवस रेल्वेत काढून मी दहाव्याला कसाबसा घाटावर पोचलो. एवढ्या गाड्या मी लग्नालाही पाहिल्या नव्हत्या. आबा म्हणजे पन्नास वर्षांचं पुढारपण, त्यामुळे झाडून सगळे आलेले. सगळ्यांत पुढे तालुक्याचे पुढारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, ते बसलेले. खिशाखिशातून कागद डोकावत होते. आबांचा पुतण्या कानाशी लागला, "आबा, साहेब लांबून आल्यात. दोन शब्द बोलू द्या. जिजीची बी इच्छा व्हतीच की." समोर तो संचालक हाताची घडी घालून बसलेला, डोळ्यांत मजा. आबांनी नियम मोडला तर पन्नास वर्षं पाण्यात, आणि पाळला तर जिजी उपाशी. एवढं सरळ होतं, आणि ते मला मागे उभं राहूनही दिसत होतं.

आबा उठले. घरचं माणूस म्हणून तेच बोलणार होते. माईकपुढे ताठ उभे राहिले, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ज्या माणसाचा आवाज नदीपलीकडून ओळखू यायचा, तो नुसता ओठ हलवत होता. मग त्यांनी गर्दीत मला हेरलं. "तू ये. तू घरचाच हाईस."

मी माईकपुढे गेलो आणि म्हणालो, "जिजी आबांना सांगायच्या, पोरगं आळशी हाय. आन मला सांगायच्या, खा. दोन वर्षं रोज." एवढंच बोलून मी बाजूला झालो.

साहेबांनी घसा साफ करून कागद काढला. आबांनी माईक उचलला आणि त्यांच्यासमोरून घेऊन गेले, थेट मागे, जिथे बायका बसल्या होत्या तिथे. घाटावर बायका रडतात. बोलायला त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. आबा म्हणाले, "तुमी बोला. तुमाला म्हाईत हाय ती."

आधी बायका एकमेकींना कोपराने ढोसत राहिल्या. मग जिजींबरोबर जन्मभर कांदे लावलेली एक म्हातारी डोक्यावरचा पदर सारखा करत उठली. "काय बोलू? लई तोंडाची व्हती. मला म्हनायची, माझा नवरा अख्खं गाव चालीवतो आन त्याला त्याची बंडी सापडत न्हाई." घाट हसला. दहाव्याला हसला! मग दुसरी उठली, तिसरी उठली. कुणाच्या बाळंतपणात जिजी रात्र-रात्र बसल्या होत्या, कुणाची पोर त्यांनी शाळेत परत धाडली होती, कुणाला भांडणात झिंज्या धरून आपटलं होतं आणि संध्याकाळी कालवण पाठवलं होतं. साहेब कागदाची घडी करत ऐकत होते.

संचालकाला राहवेना. "आबा, दोन मिंटं कवाच झाली!"

"झाली," आबा म्हणाले. "माझ्या नावावर गुन्हा लिहून घ्या. चालू द्या, बाई."

तासभर चाललं. त्या तासात आबा एकदाही बसले नाहीत. माईकची वायर पुरत नव्हती, ती दोन्ही हातांनी धरून उभे होते.

परत निघताना नारायणगावच्या स्टँडवर मला सोडायला आले. म्हणाले, "आयकलं असंल का रं तिनं?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि लगेच आवाज कडक केला, "पन माझ्या येळंला न्हाई हां. माझ्या येळंला नियम. येकच मानूस आन दोन मिंटं. तूच बोलायचं. पाठ करून ये."

तेव्हापासून मी पाठ करतोय. भाजी चिरताना करतो, भांडी मोजताना करतो. काहीही गाळलं तरी ते दोन मिनिटांत बसत नाही. जीप ठेवली तर सरपंचकी राहते, सरपंचकी घेतली तर मी राहतो. आणि मुळात ते मला बोलायचंच नाहीये. म्हणून हे सगळं आत्ताच, ते धडधाकट असताना लिहून ठेवलं. छापून आलं की अंक त्यांना पाठवणार आहे. त्यांना यात ढीगभर चुका सापडतील. लाल पेनाने खुणा करून अंक परत आला, तर मला आणखी काही नको.