कललेल्या मनोऱ्यात मुग्धा

माझी सध्याची पोस्टिंग बिशान, सिंगापूर. उभी हयात फौजेच्या इंजिनिअर पलटणीत गेली. पूल बांधले, सुरुंग काढले, सुभेदार म्हणून घरी आलो. मग लेकीने हुकूम काढला, "बाबा, मी तीन आठवडे इटलीत. इराला तुम्ही आणि आई सांभाळा." जावई मरीन इंजिनिअर, तो जहाजावर. नातीला शाळेतून आणायचं, खायला घालायचं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीला मान डोलवायची, एवढीच ड्यूटी.

माझी ही लेक, मुग्धा, जुन्या इमारतींची इंजिनिअर. ऑफिस इथेच सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला, पण या वेळी काम इटलीतल्या बोलोन्या शहरात. रोज संध्याकाळी ती व्हिडिओवर आम्हाला शहर फिरवायची. गाव सगळं लाल विटांचं. रस्त्यांच्या कडेने लांबच लांब कमानी आणि त्यांच्याखालून पायवाट, पाऊस आला तरी माणूस कोरडा. मुख्य चौकातलं भलंमोठं चर्च खाली संगमरवरी, वर नुसत्या विटा.

"कंत्राटदार पळाला काय?" मी विचारलं.

"शेकडो वर्षं तसंच आहे, बाबा," ती हसली आणि तिने कॅमेरा दोन मनोऱ्यांकडे वळवला. एक उंच. दुसरा, गारिसेंदा, बुटका आणि इतका कललेला, की मी खुर्चीत सावरून बसलो. त्याच्या पायाचे दगड झिजलेत, म्हणून भोवती कुंपण घालून लोकांना मनाई केलेली.

"उद्या मी याच्या आत जाणार आहे. सेन्सर तपासायला."

कललेली इमारत मी जवळून पाहिली आहे.

फौजेत असताना एकदा डोंगराळ भागात भूकंप झाला होता. एक तीनमजली इमारत एका अंगाला झुकलेली, आत एक बाई जिवंत. माझ्या तुकडीतला हवालदार दत्ता शेलार कमरेला दोर बांधून आत गेला. दुसरं टोक माझ्या हातात. थोड्या वेळाने वायरलेसवर त्याचा आवाज आला, "बाई सापडली. खिडकीतून पाठवतोय. ओव्हर."

बाई बाहेर आली. मी म्हणालो, "शेलार, आता तू ये. ओव्हर."

"येतो. ओव्हर."

इमारत खाली बसली. मी दोर ओढत राहिलो. तो हलला नाही.

"जाऊ नकोस," मी मुग्धाला म्हणालो.

"बाबा, भीती मलाही वाटतेय. पण वाटली म्हणून काम सोडता येतं का?"

हेच मी रंगरुटांना ऐकवत आलो होतो.

"दर दहा मिनिटांनी रिपोर्ट दे."

"येस सर."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी इराला घेऊन हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बसलो. मुग्धाचा मेसेज आला, 'आत जातेय.' मग 'ठीक.' पुन्हा 'ठीक.' त्यानंतर काहीच नाही. दहा मिनिटं गेली, आणखी दहा गेली. फोन लावला, लागेना. चहा गार झाला.

"चिल लाह, आजोबा," इरा नूडल्स खाता खाता म्हणाली. "इनसाइड नो सिग्नल."

मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होतो. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"मम्मी ओके, राइट?"

"ओके," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. 'बाहेर आले. भिंती फार जाड, सिग्नल गेला. सॉरी बाबा.' इराने टाळी वाजवली. मी मात्र चहावाल्यासमोर, भरल्या हॉकर सेंटरमध्ये, घळाघळा रडलो.

घरी आल्यावर शेलारच्या मुलीला, स्वातीला, साताऱ्याला फोन केला. तो गेला तेव्हा ती चार वर्षांची होती.

"काका, आज कसा काय फोन?"

"मुग्धा एका कललेल्या इमारतीत गेली होती. सुखरूप बाहेर आली."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. तिने विचारलं, "गावात सगळे म्हणतात, बाबांना भीती ठाऊकच नव्हती. खरं का हो?"

"नाही गं. खूप घाबरला होता. हात इतके कापत होते, की हेल्मेटचा पट्टा मला लावून द्यावा लागला. मग तो आत गेला."

ती रडत होती.

"बरं झालं सांगितलंत, काका," ती म्हणाली. "मी इतकी भित्री, मला वाटायचं मी त्यांच्यावर गेलेच नाही."